बडीशेपेच्या वाटीतली नोट

येवल्याच्या स्टँडवर अण्णा मला सोडायला आले तेव्हा माझी पिशवी त्यांच्या हातात होती आणि ती ते मला देत नव्हते. नाशिकची गाडी लागली, माणसं चढली, मी खिडकीची जागा धरली, तरी पिशवी त्यांच्याच हातात. कंडक्टरनं बेल मारायला दोरीला हात घातला तेव्हा कुठे त्यांनी ती खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाले, "संतोष, पगाराचे पैसे पाठव. वरचे नको." नीट राहा, वेळेवर जेव, हे सगळं आईनं घरीच सांगून झालं होतं. वडिलांच्या वाट्याला एवढंच वाक्य उरलं होतं.

वरचे म्हणजे टिप. चूक माझीच. हॉटेलात वेटरचं काम मिळतंय हे सांगताना मी भाबडेपणानं म्हणून गेलो होतो, की पगार बेताचाच आहे, पण वरचे बरे सुटतात.  आमच्याकडे वरचे पैसे हा शब्द तलाठ्याच्या नाहीतर पोलिसाच्या संदर्भात निघतो, आणि दुसरा अर्थ निघाला तर तो भिकेचा. पोरगा यातला नेमका कुठला धंदा करायला चाललाय, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

अण्णा पैठणी विणतात. त्यांचा हिशोब सरळ: साडी ठरली, मजुरी ठरली, साडी मागावरून उतरली की ठरलेली मजुरी घ्यायची. मी शाळेत असताना मुंबईच्या एक बाई आमच्या घरी माग बघायला आल्या होत्या. व्यापाऱ्यानंच आणलं होतं त्यांना. पदरावरचा मोर बघून त्या इतक्या खूश झाल्या की जाताना मागाच्या कडेला पाचशेची नोट ठेवून गेल्या. अण्णांनी ती पाहिली आणि मागाखालच्या खड्ड्यातून पाय काढून, तसेच अनवाणी, गल्लीच्या तोंडापर्यंत गाडीमागे पळाले. नोट परत देऊन आले आणि पुन्हा मागावर बसले. आई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. तेव्हा ते तिला म्हणाले होते, "एकदा का हात पुढं आला ना, की तो मागं नाय जात."

तर अशा माणसाचा मी मुलगा, आणि नाशकात गंगापूर रोडच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये माझा हात दिवसभर पुढेच असतो. कधी पाण्याची बाटली घेऊन, कधी मेनू घेऊन, आणि शेवटी बिलाचं फोल्डर आणि बडीशेपेची वाटी घेऊन.

तुम्ही येवल्याचे माझे मित्र, जे अजून गल्लीत आहात, ते दिवाळीला भेटलात की पहिला प्रश्न विचारता, किती मिळतात रे? आणि माझ्यासारखे जे पुण्याला, सुरतेला, कुठे कुठे ताटं उचलायला गेले, ते हा प्रश्न कधीच विचारत नाहीत, कारण त्यांना माहीत आहे की याला एक आकडा नसतो. पगार चौदा हजार होता. टिप धरून एखाद्या महिन्यात बावीस झाले, एखाद्या महिन्यात सोळावर अडकले. श्रावण आला की आमच्याकडे चिकन-मटणाचे तवे थंड आणि आम्ही भिंतीला टेकून. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या द्राक्षाचे मळे आणि वाइनरी बघून जेवायला उतरल्या की बरं. पार्सलवर काहीच नाही. पिशवी बांधून देणाऱ्याला कोण टिप देतं? शिवाय कुठली टेबलं वाट्याला येतात ते आहेच. एसी हॉलमधली मिळाली तर तुमचं नशीब, बाहेर लॉनवर लहान पोरांच्या वाढदिवसाला जुंपलं तर फक्त केक पुसायचा.

हे सगळं आमचे कॅप्टन, म्हणजे वेटरांचे प्रमुख, मोरेकाका ठरवतात. माणूस वाईट नाही, पण डोळा व्यवहारी. हिंदी चांगलं, चेहरा हसरा, मेनूमधलं इंग्रजी न अडखळता वाचणारा, तो एसीत. मी पहिली दीड-दोन वर्षं लॉनवर काढली, कारण गिऱ्हाइकानं विचारलं तर मी "हाय ना" म्हणायचो. मग शिकलो. आता मी "येस सर, अव्हेलेबल आहे सर" इतकं सफाईनं म्हणतो, की घरी फोनवरसुद्धा एकदा आईला "येस" म्हणालो. ती म्हणाली, कोण बोलतंय?

पहिल्या पगारापासून मी अण्णांचं वाक्य पाळलं. पगार येवल्याला, वरचे माझ्या खिशात. पुढे लग्न झालं, पाथर्डी फाट्याला खोली घेतली, सविताला अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. तिचा पगार आणि माझी टिप यावर आमचं नाशिकचं घर चालायचं आणि माझ्या पगारातून येवल्याचं. आई दर महिन्याला फोन करून सांगायची, आले. अण्णा फोनवर येत नसत, पण मागून त्यांचा आवाज यायचा, "पगाराचेच ना, इचार." आणि मी अभिमानानं हो म्हणायचो. गंमत म्हणजे हॉटेलचा शेठसुद्धा पगारवाढ मागितली की हेच म्हणायचा, अरे, टिप मिळते की तुम्हाला. म्हणजे पगार कमी, कारण टिप आहे. टिप ही माझ्या पगाराचीच राहिलेली बाजू होती, फक्त ती शेठऐवजी गिऱ्हाईक देणार, आणि तेही त्याच्या मर्जीनं. हे अण्णांना समजावून सांगायचं मी अनेकदा मनात रचलं. प्रत्यक्षात कधी सांगितलं नाही.

मग टेबलाटेबलावर स्कॅन करायचा कोड आला. पूर्वी बिल आठशे चाळीस झालं की नऊशे ठेवून लोक उठायचे, सुट्टे तिथेच राहायचे. आता फोनवर बरोब्बर आठशे चाळीस जातात. लोक काही दुष्ट झालेले नाहीत, त्यांच्या खिशात नोटाच नसतात. बडीशेपेच्या वाटीत आता बडीशेपच असते.

त्यातच गेल्या वर्षी शेठनं आम्हाला बसवून सांगितलं की धंदा परवडत नाही, पगार दहा करतो, बिलावर सर्व्हिस चार्ज लावतो, तो तुम्ही सगळे वाटून घ्या. टिपसुद्धा ज्याची त्यानं ठेवायची नाही, सगळी डब्यात टाकायची, आठवड्याला वाटप. जमत नसेल त्यानं सांगावं. कुणीच काही सांगितलं नाही. माझं वय आता नव्या ठिकाणी लॉनपासून सुरुवात करायचं नव्हतं, आणि शेठला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. सर्व्हिस चार्जचं म्हणाल तर लोक तो वाचतात, बोट ठेवतात आणि काढायला लावतात. मोरेकाका काढतात. हक्क आहे गिऱ्हाइकांचा.

अण्णांची नजर तोवर अधू झाली होती, मजुरी कमी झाली होती. दहातून येवल्याचं भागणार नव्हतं. मी फोन केला आणि या वेळी आईला सांगितलं की अण्णांना दे. म्हटलं, या महिन्यापासून थोडे वरचे पाठवतो. तेही माझ्या मेहनतीचेच आहेत.  मग ते म्हणाले, "मी येतो."

आणि एका मंगळवारी दुपारी ते खरंच आले. पांढरा सदरा, टोपी, हातात कांद्याची पिशवी. इतक्या वर्षांत नाशिकला ते आमच्या खोलीवर दोनदा आले असतील, हॉटेलात कधीच नाही. मोरेकाकांनी त्यांना माझ्याच हद्दीतलं कोपऱ्यातलं टेबल दिलं. मी डाळ, वांग्याची भाजी, रोट्या आणल्या. त्यांनी समोरची खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि म्हणाले, "बस."

आमच्या घरात मी आलो असलो की अण्णा माझं ताट वाढल्याशिवाय घास घेत नाहीत. कितीही उशीर होवो. मी हळू आवाजात सांगितलं की मला ड्युटीवर बसता येत नाही. त्यांनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रोट्या कडक झाल्या, डाळीवर साय धरली. शेजारच्या टेबलावरून पाणी मागत होते. मी तिकडे गेलो, परत आलो, ताट तसंच. शेवटी मोरेकाका आले आणि म्हणाले, काका, तुम्ही जेवा, तो बसला तर माझी नोकरी जाईल. त्यांनी चेष्टेत म्हटलं होतं. अण्णांनी ते खरं धरलं आणि जेवायला लागले.

जेवताना ते माझ्याकडे बघत नव्हते, बाकीच्या टेबलांकडे बघत होते. ऑफिसातले दोघं मला "बॉस" म्हणत होते. त्यांनी पनीर परत पाठवलं, दुसरं मागवलं, जाताना सर्व्हिस एक नंबर म्हणून माझ्या खांद्यावर थाप मारली, फोननं पैसे दिले आणि गेले. एका कुटुंबातल्या लहान मुलीनं सूप सांडलं. मी खाली बसून ते पुसलं. तिच्या वडिलांनी उठताना सगळे खिसे चाचपले आणि ओशाळून म्हणाले, कॅश नाही हो, सॉरी. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. तिसऱ्या टेबलावरच्या जोडप्यानं सर्व्हिस चार्ज काढायला लावला. प्रत्येक टेबल उठलं की मी फोल्डर उचलायचो, वाटी उचलायचो, आणि अण्णांची नजर वाटीवर असायची. मला वाटलं होतं, मला कुणाच्या पुढे वाकताना पाहून त्यांना राग येईल. त्यासाठी मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण वाटी रिकामी निघेल आणि ती ते पाहतील, हे मी धरलंच नव्हतं.

त्यांचं बिल मी माझ्या खात्यावर टाकणार होतो. ते म्हणाले, किती झाले ते आण. मी आणलं. त्यांनी पैसे मोजून फोल्डरमध्ये ठेवले. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून शंभराची एक नोट काढली, चार घड्या घातल्या, इतरांनी ठेवायला हवी होती तशी बडीशेपेच्या वाटीत ठेवली, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आणि उठले.

मी वाटी हातात घेऊन उभा राहिलो. नोट घेऊन त्यांच्यामागे पळावं असं वाटलं, जसे ते त्या बाईंच्या गाडीमागे पळाले होते. पण वाटीतलं सगळं डब्यात, सगळ्यांच्या देखत, हा नियम होता आणि मोरेकाका बघत होते. मी नोट डब्यात टाकली आणि गेटवर गेलो.

"अण्णा, ते कशाला ठेवलंत?"

"तू काम केलं ना." रिक्षा थांबली होती. त्यांनी कांद्याची पिशवी माझ्या हातात दिली. "आता घरी काय पाठवू नको. वरचे बी नको, पगाराचे बी नको. तुझं तुलाच पुरत नाय."

मी म्हटलं, पुरतं की. ते रिक्षात बसले आणि स्टँडकडे गेले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही, राग आला. इतकी वर्षं त्यांना पटवायचं होतं की टिप ही भीक नाही. ते त्यांनी एका दुपारी मान्य केलं, स्वतः ठेवून दाखवलं, आणि त्याच दमात माझी घरातली जागा काढून घेतली. आठवड्याच्या शेवटी डबा उघडला, वाटप झालं. त्यातली अण्णांची नोट कुठली ते ओळखू आलं नाही. माझ्या वाट्याला शंभराच्या आतच आले.

मी अजून दर महिन्याला पाठवतो, जमेल तेवढे. आई सांगते, आले, पण खात्यातून काढू देत नाहीत ते. संतोषचे हायेत, त्याला लागतील, म्हणतात. दुपारची झोप त्यांनी सोडली आहे आणि परत मागावर बसायला लागलेत. पदर आता झेपत नाही, साधे काठ विणतात. मी आईला म्हटलं, त्यांना थांबव. ती म्हणाली, तूच सांग. पण अण्णा अजूनही फोनवर येत नाहीत, आणि आता मागून आवाजही येत नाही.

पूर्वी घर म्हणजे माझा पगार जिथे पोचतो ती जागा, असं मी धरून चाललो होतो. दिवाळीला गेलो की त्या जोरावर उंबऱ्यातून ताठ मानेनं आत जायचो. आता पैसे पोचतात आणि पडून राहतात. अण्णांनी माझं ओझं उतरवलं की माझं नाव खोडलं, हे मला अजून ठरवता येत नाही. तुमच्यातल्या कुणाला असं झालं असेल तर मला कळवा, मला खरंच माहीत करून घ्यायचंय. या दिवाळीला तुम्ही विचाराल, किती मिळतात रे, आणि मी नेहमीसारखा एक आकडा सांगेन. पण त्या मंगळवारी दुपारी माझ्या सगळ्या टेबलांवर मिळून टिप ठेवणारा एकच माणूस होता आणि तो येवल्याहून एसटीनं आला होता, हे मी तुम्हाला तेव्हा सांगू शकणार नाही, म्हणून आत्ता लिहून ठेवलं.