टेंपोचा बेंदूर

हा किस्सा आमच्याकडे लग्नकार्यात सांगितला जातो आणि सांगणारा मीच असतो. एरवी तोंड न उघडणारा माणूस एवढी एकच गोष्ट रंगवून सांगतो, म्हणून पाव्हण्यांना कौतुक. फक्त सांगताना मी त्यात एक बदल करतो. इथे करणार नाही.

नव्वदच्या दशकातली कळंबोली. वडील लोखंड बाजारात टेंपो चालवायचे आणि आई ट्रकवाल्यांना पिठलं-भाकरी पुरवायची. आई साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी बेंदराला, म्हणजे आषाढातल्या बैलांच्या सणाला, बैल जुंपत नसत. अंघोळ, रंगवलेली शिंगं, पुरणपोळी आणि दिवसभर आराम. कळंबोलीत आमच्याकडे बैल नव्हता. पण घर ज्याच्या जिवावर चालतं तो बैल, असा तिचा हिशेब होता, आणि तो टेंपोपाशी येऊन थांबला होता. आपला नंबर का लागला नाही, हे विचारायची वडिलांची हिंमत नव्हती.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. बैलाच्या खांद्याला चोळायची ती हळद आणि लोणी आई पुढच्या बंपरला चोळायची. सकाळी तिथे मुंग्या. मग शिंगं, म्हणजे दोन्ही बाजूंचे आरसे, हिंगुळानं लालभडक व्हायचे, काचेसकट. पुरणपोळी ती काचेपुढे ठेवायची. कावळ्यानं पळवली तरी तिच्या लेखी जेवायचा तो टेंपोच.

त्या वर्षी नेमकं बेंदराच्या दिवशी लोखंड बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं दुपारचं जेवण मागवलं. पसंत पडलं तर त्याच्या सगळ्या माणसांचं रोजचं काम आईला मिळणार होतं. तिला ते हवंच होतं. त्या ऑफिससमोरून जाताना ती उगाच पदर सारखा करायची.

"आज जुपायचा न्हाई," भाकऱ्या थापता थापता आई म्हणाली.

"अगं, लोखंड हाय ते," वडील म्हणाले. "त्याला काय कळतंय बेंदूर?"

"तुमाला तरी काय कळतंय? तरी वाढते न्हवं पोळी?"

वडिलांनी पोळी संपवली आणि तोडगा काढला. गावाकडे बेंदराला संध्याकाळी बैलांची मिरवणूक निघते. मिरवणूक म्हणजे काही काम नव्हे. तर आपणही काढू, जरा लवकर, आणि नेऊ त्या ऑफिसपर्यंत.

आईला पटलं. "पर इंजिन चालू करायचं न्हाई," ती म्हणाली. "आन् मिरवणुकीत बैलाच्या पाठीवर झूल असती, वझं नसतं."

आता तो बदल. सांगताना मी भाकऱ्यांची पाटी टेंपोत ठेवतो. पाटी टेंपोत नव्हती. पुढे आई, तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, हातात पिठल्याचा डबा. मागे तिची हिरवी साडी पांघरलेला रिकामा टेंपो, त्याला ढकलणारे वडील. आणि वीस वर्षांचा, तालमीत जाणारा मी आत बसलेला. स्टिअरिंग कुणीतरी धरायला हवं होतं, आणि ते मी धरतो असं मी सगळ्यात आधी म्हणालो होतो.

"मौसी, गाड़ी बिगड़ गयी क्या?" एका ट्रकवाल्यानं विचारलं.

"बिगडी नहीं. आज उसका सन है," आई मान न हलवता म्हणाली. मान हलवता येतच नव्हती.

तो हसत उतरला आणि ढकलू लागला. त्याला बघून आणखी चारपाच जण आले. एकानं पत्र्याचा डबा बडवायला घेतला. ऑफिसपाशी पोचेपर्यंत खरीच मिरवणूक झाली होती.

तिथल्या साहेबांनी उभ्याउभ्याच भाकरी मोडली, पिठलं चाखलं, बोट चाटलं. "मावशी, उद्यापासून चालू करा. पण रोज पाहिजे हां. सुट्टी-बिट्टीचं टेन्शन नको."

आई घुटमळली. हातातलं काम जातंय की काय, असं वाटून वडिलांनी खोकून बघितलं.

"वर्साला एक दिस लागंल," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

"मला कशाला? ह्याला." तिनं टेंपोकडे बोट केलं. "त्या दिशी बी जेवान येईल. मी डोक्यावरनं आणीन."

साहेब हसले आणि हो म्हणाले. वडील हसले, ढकलणारे हसले, मीही हसलो. आई चुंबळ काखेत धरून मान चोळत होती.

परतताना ट्रकवाले आपापल्या कामाला गेले होते. म्हणून वडिलांच्या जोडीला आईही ढकलू लागली. उतरावं, असं मला वाटलं होतं. तिला आत बसवून आपण मागे जावं, एवढं साधं होतं ते. मी आरशात पाहिलं, तर नुसता हिंगूळ. मागचं काही दिसत नव्हतं आणि मला ते सोयीचंच होतं. काहीतरी करायचं म्हणून मी हॉर्न वाजवला.

"वाजवू नगंस रं," मागून धापा टाकणाऱ्या आईचा आवाज आला. "आज त्याला तरास द्यायचा न्हाई."