फडक्याखालचा हात

राहेलमावशी गेल्याची बातमी आली तेव्हा माझा हात दुपट्ट्याखाली होता. गिरडच्या वाटेवरच्या बैलबाजारात एका जोडीचा सौदा चालला होता. ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून, सोडून भाव ठरवायचा. वर तोंडं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात आणि खाली हात भांडत असतात. तेवढ्यात आमच्या गावचा एक गाडीवाला गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "दाविदभाऊ, घरी चाला. आंधळी मावशी गेली." समोरच्या गिऱ्हाइकाने माझी बोटं सोडली आणि मुकाट्याने दुपट्टा ओढून घेतला. माझ्या तोंडून निघालं, "गेली? आन् मले न सांगताच?" गाडीवाल्याला वाटलं, शेवटची भेट झाली नाही म्हणून मी हळहळतो आहे. तसं नव्हतं. एका गोष्टीचा जवाब मला तिच्याकडून घ्यायचा होता, आणि तो न देता ती निघून गेली होती.

वर्धा जिल्ह्यात, जामच्या अलीकडे आमचं गाव. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांच्या मानाने बेताचंच एक कौलारू देऊळ. शेजारच्या वस्तीने बुद्धाची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मावशी वारली. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती. मोठ्या दुष्काळात मिशनच्या आवारात कोणीतरी आणून सोडलेली पोर, देवीच्या आजारात दोन्ही डोळे गेलेली. लग्न नाही, मूलबाळ नाही. देवळामागच्या खोलीत राहायची, ओसरीवर बसून कापसातली सरकी काढायची, आणि रविवारी देवाचं अर्पण घ्यायची.

हे अर्पण घेणं आमच्याकडे वेगळंच आहे. दुष्काळातून वाचलेल्या म्हाताऱ्यांना एकेकाळी मुठीने धान्य मिळालं होतं, म्हणून त्यांनी ठरवलं की देवाला द्यायचं तेही मुठीनेच. मुठीत मावेल तेवढंच आणायचं आणि कोणाला न दाखवता द्यायचं. उपासनेच्या शेवटी मावशी वेदीसमोर तिच्या स्टुलावर बसे. मांडीवर दुरडी, दुरडीवर पांढरं फडकं. एकेकाने पुढे जायचं, फडक्याखाली हात घालायचा, मूठ उघडायची आणि परत यायचं. कोणी ज्वारी सोडे, कोणी मीठ, कोणी चार वाळक्या मिरच्या. एक म्हातारी पावसाळ्यात नुसतं चुलीला लावायचं कोरडं काडूक आणायची. फडकं काढेपर्यंत सगळं मिसळून जाई आणि कोणाचं काय ते कोणालाच कळत नसे. मग ज्या घरची चूल थंड असेल तिथे ती दुरडी जाई.

माझ्या लहानपणी ती दुरडी कित्येकदा माझ्याकडेच आली. तापाच्या साथीत माझे आईबाप गेले, आणि मी या गावाच्या मुठींवर वाढलो. गावानेही ते मला कधी विसरू दिलं नाही. मी बैलांच्या धंद्यात पडलो, दुसऱ्यांची जनावरं हाकता हाकता स्वतःची घेऊ लागलो, पक्कं घर बांधलं. तरी कोणाच्याही लग्नात पंगतीला बसलो की एखादा म्हातारा शेजाऱ्याला सांगणारच, "हा दाविद... दुरडीचा पोरगा." मी तिथल्या तिथे भांडायला उठत असे. ताट ढकलून उठलेलो आहे, एकदा तर नवरदेवाच्या काकाचं पागोटं खाली पाडलेलं आहे. माणूस वर आला की त्याला वर आलेला म्हणावं. त्याने काय खाल्लं होतं ते जन्मभर का सांगत बसावं? तेव्हा मी ठरवलं, या दुरडीत अशी एक मूठ टाकायची की सगळ्यांच्या सगळ्या मुठी एकदम फिटल्या पाहिजेत. वर्ध्याच्या सोनाराकडून जाड सोन्याची अंगठी घडवून घेतली. मुठीत मावते ना? मग नियम मोडला असं कोण म्हणणार!

हंगामाचा रविवार होता. ज्वारी घरात आली की आम्ही तो पाळतो. भर सकाळचं ऊन कौलांच्या फटींतून पडलेलं, सगळा गाव नटून आलेला. मी रांगेतून पुढे गेलो, फडक्याखाली हात घातला, मूठ उघडली... आणि खालून एका हाताने माझा हात धरला. मी धंद्यातला माणूस, फडक्याखाली हात लागला याचं मला नवल वाटलं नाही. मला वाटलं, मावशी चाचपून घेते आहे. पण त्या हाताने अंगठी उचलली, परत माझ्या तळव्यात ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. मी पुन्हा मूठ उघडली. त्याने पुन्हा मिटवली. दांडगाई नव्हती, घाईही नव्हती. असा हात मी बाजारात पाहिला नाही. कष्टाचा, घट्टे पडलेला, खरबरीत, आणि भर दुपारच्या विहिरीच्या पाण्यासारखा गार. गडीमाणसाचा की बाईचा, ते मला आजही सांगता येणार नाही. मागे रांग थांबली. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी अंगठी घेऊन तसाच बाहेर पडलो आणि दाराशी ओरडलो, "बाकी लोकायची मिरची चालते, माह्यं सोनं नाई चालत काय?" काय झालं ते कोणालाच दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी अर्पणाच्या रांगेत उभा राहिलो नाही. देवळात जायचो, मागच्या भिंतीला टेकून बसायचो, आणि रांग सुरू झाली की छपराकडे पाहायचो. मात्र बाजारातून परतताना मावशीच्या ओसरीवर थांबल्याशिवाय मी घरी गेलो नाही. जवाब हवा होता. ती पाऊल ओळखायची.

"आला काय भांडाले?"

"माह्यी अंगठी काऊन वापस केली, थे सांग."

"मी नाई केली बापा. माह्ये दोन्ही हात दुरडीच्या काठाले राह्यते. सोडले तं दुरडी पडन नाई काय? मले दिसते थोडीच!"

"मंग दुरडीत का भूत बसून होतं?"

"थे मले का माईत? तूच हात घातला होता."

वर्षानुवर्षं हेच. मी कधी गोडीने विचारलं, कधी डोकं आपटलं, कधी नवं लुगडं नेऊन ठेवलं. लुगडं तिने घेतलं, हसत घेतलं, जवाब तेवढा दिला नाही. घरी बायको म्हणायची, "बैलाचे दात मोजता मोजता देवाचेबी मोजाले लागले तुमी!" मला मावशीचा राग यायचा आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही. एकदा मात्र तिने सरकी काढायचं थांबवून विचारलं, "कसा होता रे थो हात?" मी रागारागातच सांगितलं. गार होता म्हणालो, घट्टे होते म्हणालो, बोटं कशी एकेक करून मिटवली ते तिच्यासमोर हवेत करून दाखवलं, आणि ती आंधळी आहे हे मग लक्षात आलं. मावशीच्या मांडीवरचा कापूस वाऱ्याने ओसरीभर पसरला, तो तिने गोळा केला नाही. शेवटी म्हणाली, "मी जल्मभर दुरडी धरून राह्यली. मले एकदाई नाई लागला थो हात. आन् तुले लागला तं तू भांडून राह्यला!"

मला वाटलं, म्हातारी माझी थट्टा करते आहे. मी तरातरा निघून आलो. मागून तिने हाक मारली होती, पण मी थांबलो नाही.

मातीच्या दिवशी देवळाच्या पाळकसाहेबांनी मलाच बोलावलं. तिला घरचं असं कोणी नव्हतं, आणि माझा तिच्याकडे रोजचा राबता गावाला ठाऊक होता. भांडायला जातो हे ठाऊक नव्हतं. पेटीत ठेवण्याआधी तिचे हात छातीवर जोडायचे होते. मी दोन्ही हात माझ्या हातांत घेतले. खरं सांगतो, त्या वेळी मी रडत नव्हतो, मी तपासत होतो. हाताची परीक्षा हा माझा धंदा आहे. बाजारात माझे डोळे बांधले तरी कोणता हात कोणाचा ते मी सांगेन. मावशीचे तळवे कापसासारखे होते. जन्मभर कापूसच हाताळला होता तिने. घट्टा नाही, चीर नाही, बोटं बारीक, लहान पोरीसारखी... मी डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दाविदराव, सोडा आता." बाहेर वैशाखाचं ऊन तापलं होतं आणि माझ्या पाठीवर काटा उभा होता.

पुढच्या रविवारी दुरडी कोण धरणार, असं पाळकसाहेबांनी विचारलं. कोणी पुढे आलं नाही. मग त्यांनी मावशीचंच स्टूल जागेवर ठेवलं, त्यावर दुरडी ठेवली आणि फडकं टाकलं. उपासनेच्या आधी, देवळात कोणी नसताना, मी जाऊन ते सगळं पाहिलं. फडकं उचललं, दुरडी उलटी करून ठोकली, स्टुलाखाली वाकून पाहिलं. फसवायला जागा नव्हती. रिकाम्या दुरडीत मी हात घालून पाहिला. वेताच्या विणीशिवाय बोटांना काही लागलं नाही. उपासनेनंतर रांग लागली. मीही अंगठी मुठीत धरून उभा राहिलो, तेव्हा माना वळल्या. मावशीला दिसत नसे म्हणून तिच्यासमोर जो तो आपलं नाव सांगत असे. त्या रविवारी लोक रिकाम्या स्टुलासमोरही सांगत होते. "मावशे, मी येसू." "मावशे, मी मार्था." कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

माझी पाळी आली. नाव माझ्या तोंडून निघेना. फडक्याखाली हात घातला. खाली लोकांनी सोडलेली ज्वारी होती, उन्हाने अजून कोमट. मी मूठ उघडली. क्षणभर काहीच नाही. मग त्या कोमट धान्यातून तो गार हात वर आला. अंगठी माझ्या तळव्यात दाबली. एकेक बोट मिटवलं. माझ्यासमोर फडकं जराही हललं नव्हतं, आणि स्टुलावर कोणी नव्हतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." त्या दिवशी मी ओरडलो नाही. जागेवर येऊन बसलो, आणि त्याने मिटवलेली मूठ सगळे उठेपर्यंत उघडली नाही.

याला आता काही आठवडे झाले. मधल्या एका रविवारी मी मूठभर तूर नेली, इतरांसारखी. ती दुरडीत पडली आणि राहिली. हात आला नाही. मी तिथे इतका वेळ ताटकळलो की मागचा म्हणाला, "दाविदभाऊ, झोपले काय?" पुढच्या रविवारी पुन्हा अंगठी नेली, आणि हात आला. सगळ्यांचं घेतलं जातं आणि माझं तेवढं परत होतं, ही तक्रार माझी अजून आहे. तिचा जवाब मला कोणी दिलेला नाही. पाळकसाहेब म्हणतात, कौलं बदलायची आहेत, ती अंगठी सरळ माझ्या हाती द्या. मी त्यांना कौलं घेऊन दिली, अंगठी दिली नाही. बायको विचारते, एकच दान किती खेपा नेता? तिला काय सांगू? रविवारी आंघोळ करून मी ती अंगठी मुठीत धरतो आणि सगळ्यात शेवटी रांगेत उभा राहतो, म्हणजे मागे घाई करणारं कोणी नसतं. स्टुलासमोर आलो की आता नाव सांगतो. हात घालतो. आणि माझं शेवटचं बोट मिटेपर्यंत त्या रिकाम्या स्टुलाकडे वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, सांगत राहतो... मावशे, आला. गारच हाय. आता करंगळी मिटवून राह्यला.