पगारे काका आणि शिरीषातले सुतार

खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले, तेव्हा पगारे काका कुंपणालगतच्या वाळलेल्या शिरीषाला दोन्ही तळवे टेकवून, डोळे मिटून उभे होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारणार तेवढ्यात त्यांच्या पत्नी, शांताकाकू, पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. “ओरडू नका बाई, त्यांना ऐकू येत नाय. वर सुतार आलाय. तो उडाला का येतील.”

मी मान वर केली. साळुंकीहून बराच मोठा, सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा सुतारपक्षी खोडाला चिकटून चोच आपटत होता. मला ती ठकठक ऐकू येत होती. काकांना ती तळहातात लागत होती.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काकांनी फिटर म्हणून उभी हयात काढली. कान गेले ते निवृत्तीनंतर, त्यांच्या वडिलांचे गेले तसेच. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात असायचं. विचारलं तर म्हणत, “लावलं का सगळंच ऐकू येतं बाई. नको ते बी.” तळव्याची सवय नोकरीतली. “बेअरिंगवर हात ठेवला का मशीन काय म्हणतंय ते कळतं. कान फसतो, हात नाय फसत.”

मी गावातल्या शाळेवर नवी होते. त्या घरात तीन वर्षं राहिले आणि सकाळचा चहा कायम ओट्यावर, काकांच्या शेजारी बसून प्यायले. सुतार झाडावर शेपटी टेकवून बसतो हे त्यांनीच दाखवलं. “तिसरा पाय हाय त्याचा.” समोरच्या वडावर धनेशाची जोडी आली की ते माझ्या कपाला नुसतं बोट लावत आणि हनुवटीने दिशा दाखवत. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्यांना फारशी येत नव्हती. पण कोण कोणत्या फांदीवर, किती वाजता येतो, हे विचारावं तर त्यांनाच.

दुसऱ्या वर्षी, होळीनंतर, सुतारांनी त्या शिरीषात ढोली कोरली. त्याच आठवड्यात शेजारचे सोपानराव झाड पाडायला माणूस ठरवून आले. झाड काकांच्या हद्दीत, पण शेंडा सोपानरावांच्या गोठ्यावर झुकलेला. आदल्या वर्षी त्याचीच फांदी पडून त्यांचं एक वासरू लंगडं झालं होतं. त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

काकांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं. म्हणजे विषय गंभीर होता.

“महिनाभर थांबा सोपानराव. अंडी हायेत आत.”

“आन् वादळ झालं म्हंजे? माझ्या गायी मरू द्यायच्या का पाखरासाठी?”

“गायी का मराव्या? माझ्या अंगणात बांधा. चारापाणी मी बघतो.”

शांताकाकू आतून म्हणाल्या, “झालं! आता गोठा बी आला घरात.” पण संध्याकाळी चारही गायींना पाण्याची पहिली बादली त्यांनीच लावली.

पुढचे दिवस अंगणात शेणाचा वास होता. काकूंचा झेंडू गायींनी पहिल्याच दिवशी संपवला, कढीपत्ता दुसऱ्या दिवशी. काका पहाटे उठून शेण काढत, ओट्यावर बसत, आणि नर-मादी आळीपाळीने ढोलीत शिरताना पाहत. चोचीत मुंग्या, अळ्या येऊ लागल्या, त्या दिवशी त्यांनी मला शाळेच्या वाटेवर गाठून सांगितलं, “पिलं निघाली!”

आणि एका दुपारी गारपीट झाली. आम्ही शाळेतली पोरं भिंतीकडेला बसवून ठेवली. पाऊस उघडल्यावर मी धावत घरी आले. शिरीषाचा शेंडा मोडून सोपानरावांच्या रिकाम्या गोठ्यावर पडला होता. पत्रे पार वाकले होते. गायी आमच्या अंगणात भिजून थरथरत होत्या, पण चारही धड होत्या.

“बघा!” सोपानराव ओरडले. “पाडलं असतं तर हे झालं असतं का?”

“नसतं झालं,” काका म्हणाले. “चूक माझी. पत्रे मी बसवून देतो.”

उरलेल्या खोडात ढोली शाबूत दिसत होती. पण पक्ष्यांचा पत्ता नव्हता. काकांनी ओल्या खोडाला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“काही लागत नाय हाताला. बाई, तुम्ही ऐका.”

मी खोडाला कान लावला. आधी काहीच नाही. मग वरून, लाकडाच्या आतून, बारीक चिरचिर आली. भुकेल्या पिलांची. मी मान डोलावली आणि मला रडूच फुटलं. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग त्यांनी पुन्हा खोडाला तळवे टेकवले.

सोपानराव पुढे आले आणि त्यांनीही कान लावला. म्हणाले, “लय भुकेजली दिसत्यात.” तेवढ्यात मादी आली, चोचीत काहीतरी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सत्तरीतले काका शिडीवर चढून पत्रे बसवू लागले. शिडी धरली ती सोपानरावांनी. पिलं उडाल्यावर काका स्वतः त्यांच्याकडे गेले, म्हणाले, “आता पाडा.” सोपानरावांनी खोडाकडे पाहिलं. “शेंडा तर गेलाच. बुंध्याचा काय त्रास हाय? राहू द्या.”

वर्षभराने माझी बदली चांदवडला झाली. निरोप घेताना काका एवढंच म्हणाले, “येत जा.” पण माझं जाणं झालं नाही. गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मी जलदान विधीला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. शांताकाकूंनी माझा हात धरला, सोडलाच नाही.

निघताना सोपानराव फाट्यापर्यंत माझ्या सोबत चालत आले. फाटा आल्यावर म्हणाले, “बाई, काल वडावर धनेश आले होते. तीन. पिलू बी होतं संगं.” त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं. “मी सवयीनं कुंपणाशी गेलो सांगायला.”

मी त्यांना माझा नंबर दिला.

आता महिन्यातून दोन-चारदा फोन येतो, बहुतेक वेळा भर वर्गात. मी मुलांना धडा वाचायला सांगून व्हरांड्यात येते. नमस्कार नाही, खुशाली नाही.

“बाई, हळद्या आलाय. जोडीनं.”

“कोणत्या फांदीवर?” मी विचारते.