दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली चप्पल

सुनीलची पिकअप गॅरेजच्या दारात थांबायला हवी होती. ती सरळ आत आली, माझं स्टूल चेचलं आणि हँडब्रेकवर कशीबशी उभी राहिली. नशीब माझं, मी चहा सांगायला उठलेलो!

"अरे, मारतोस का मला?"

"काका, ब्रेक पार खाली जातोय. तेवढं बघा ना. तीनला खडवलीला निघायचंय, मामेबहिणीची हळद आहे. घरच्या चौदा बाया मागे बसणार."

मालाच्या गाडीत बायका भरतो म्हणून त्याला आधी झापला. मोहन्यात तीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण हे झापणं कोणी ऐकत नाही.

पॅडल दाबलं की ब्रेक ऑईल बारीक लोखंडी पाइपातून चाकांपर्यंत दाब नेतं. पाइप फुटला की दाब संपला. पुढच्या चाकांची लाइन वेगळी, म्हणून ही गाडी थोडीफार तरी थांबत होती.

खाली शिरलो. मागचा ॲक्सल ओला. टॉर्च मारला. पाइपाला तारेचे दोन वेढे आवळलेले, आणि तारेला लोंबकळणारी जुनी चप्पल. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ना, ती. गाडी हलली की चप्पल हलायची, तार पाइपावर घासायची. घासून घासून भोक पडलेलं.

बाहेर आलो तो ओरडतच. "कुठल्या गाढवाने बांधली ही? ब्रेकच्या पाइपाला? नाव सांग त्याचं, चाकाखालीच झोपवतो!"

सुनील खाली बघायला लागला.

"सांग ना रे!"

"काका... दसऱ्याला तुम्हीच बांधलेली."

मी मटकन जमिनीवरच बसलो. दसऱ्याला गिऱ्हाइकं गाड्या पूजेला आणतात. सगळ्यांना हार, लिंबू-मिरची. खास ओळखीतल्यांना माझ्याकडून चप्पल. त्या गडबडीत वाकून, हाताला लागलं त्याला तार गुंडाळलेली. मी! आयुष्यभर लोकांचे ब्रेक बघणारा माणूस. चौदा बायका डोळ्यांसमोर आल्या.

"वरून काहीतरी चिकटवून द्या, आजच्यापुरतं," सुनील म्हणाला.

"गप बस. आज ही गाडी हलणार नाही."

पूर्ण पाइप नवा टाकला. मग लाइनमधली हवा काढली: सुनील पॅडल मारतोय, मी चाकापाशी नट सैल करतोय, बुडबुडे थांबेपर्यंत. बायका ट्रेनने गेल्या. सुनीलच्या आईने फोन करून मला मनसोक्त सुनावलं. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही.

फोन ठेवला आणि डोक्यात आलं. चप्पल काय एकट्या सुनीलला बांधलेली?

एकेकाला फोन लावला. "असशील तिथे थांब. खाली वाकून बघ." संध्याकाळपर्यंत सहा गाड्या तपासल्या. पाचांची तार बंपरला होती. सहावी शाळेची व्हॅन. तिचा पाइप अर्धा झिजलेला. दुपारीच मुलांना घरी सोडून आलेली.

तार मी स्वतःच्या हाताने कापली. आता दसऱ्याला माझ्याकडे हार मिळतो, पेढा मिळतो. चप्पल पायात घालायची.