सासऱ्यांच्या विरंगुळ्यासाठी घेतलेली होडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. कारण या गोष्टीत एक माणूस गेलेलं आहे, आणि त्या गेलेल्या माणसाबद्दल मी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जे काही बोललो, ते ऐकल्यावर तुम्ही चहाचा कप खाली ठेवाल आणि माझ्याकडे नुसते बघत बसाल. सगळे बसतात. सवय झालीय मला.

गेलेलं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई.

मी मूळचा जतकडचा. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, ते बघायलाही गर्दी व्हायची. नोकरी लागली ती ओरोसच्या एका सरकारी कचेरीत, आणि बायको मिळाली ती कुडाळकडच्या खेड्यातली. नलू. ती मालवणात शाळेत शिकवायची, म्हणून आम्ही मालवणात खाडीकाठी भाड्याने राहायचो आणि मी रोज एसटीने ओरोसला हेलपाटे घालायचो. मोबाइल नुकते आले होते. आमच्या अख्ख्या कचेरीत तो एकट्या साहेबाकडे होता, आणि त्यालाही रेंजसाठी गच्चीवर जावं लागायचं. त्या काळातली ही गोष्ट.

श्रावणात सासूबाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. बाबा, म्हणजे माझे सासरे, गावच्या घरात एकटे उरले. भाताची शेती, काजूची बाग, दारात फणस. पण माणूस नाही. नलूने घराला कुलूप लावलं, बाग चुलतभावावर सोपवली आणि बाबांना मालवणात आणलं.

आणलं खरं, पण बाबा आले कुठे होते? पडवीतल्या बाकड्यावर त्यांना बसवलं की ते तिथेच. समोर खाडी. सकाळी खाडीकडे बघायचे, संध्याकाळी खाडीकडे बघायचे. जेवायला बोलावलं की यायचे, चार घास चिवडायचे, परत बाकड्यावर. बोलणं काय, तर ‘होय’ आणि ‘नको’. नलू स्वयंपाकघरात कढईकडे तोंड करून रडायची, म्हणजे फोडणीचा धूर लागला असं सांगता यायचं.

“अहो, तुम्ही काहीतरी करा ना,” ती म्हणायची. “माझ्याशी बोलले की त्यांना आई आठवते.”

मी काय करणार? मी जातिवंत कारकून. समोरून काही आल्याशिवाय मला करता येत नाही.

आणि एका संध्याकाळी ते समोरून आलं. मासे मारून होड्या परत येत होत्या. बाबा बाकड्यावरून बघत होते. एकदम म्हणाले, “होड्यांचा बरा आसा. सांज झाली काय घराक येतत.”

आता सांगा, कुठल्याही शहाण्या माणसाला या वाक्यातून काय कळेल? की बाबांना घरची आठवण येते. की ज्यांनी संध्याकाळी घरी असायला हवं, ते माणूस आता नाही. बरोबर? मला काय कळलं? मला कळलं, की बाबांना होडी हवी!

मी लगेच जवळ जाऊन बसलो. “बाबा, आपण होडी घेऊया का? रविवारी दोघं गरवायला जाऊ. गळ टाकून बसायचं निवांत!”

बाबांनी होड्यांवरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “तुमची हौस आसात जावयबापू, तर येतंय मी.”

या वाक्यातला ‘हौस’ एवढाच शब्द मी उचलला. बाकीचं वाक्य तिथेच बाकड्यावर राहिलं.

खाडीवरचा दिगू एक जुनी होडी विकणार होता. होडी विकणारा माणूस कसा असतो, तर मुलगी दाखवणाऱ्या मावशीसारखा. दोष विचारला की गुण सांगतो. पण त्याने एक गोष्ट मात्र खरी सांगितली होती.

“फायबरची बघा साहेब. दुसऱ्याकडे आसा, पण बरी आसा. काठार ओढून टाकली काय इसारली. लाकडाची म्हंजे रोज सेवा.”

“नको. बाबांना लाकडाचीच बरी वाटेल.” बाबांना मी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मी होडीभोवती फेरी मारली आणि कलिंगड घेताना वाजवतात तशी ती बोटांनी वाजवून बघितली.

“आवाज बरो इलो?” दिगूने विचारलं.

“उत्तम!” मी म्हणालो. कसला आवाज यायला हवा होता ते मला आजही ठाऊक नाही.

मग त्याने तळाशी असलेलं भोक आणि त्यातलं लाकडी बूच दाखवलं. “होडी काठार काढलास काय ह्या काढूचा, पावसाचा पाणी निघान जाता. पाण्यात घालूच्या आदी आठवणीन ठोकून बसवूचा.”

“एवढं कळतं मला,” मी म्हणालो.

आणि लागलो की सेवेला! फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरली. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला मुरवलं. ते तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते, हे मला कातडी निघाल्यावर कळलं. कचेरीत साहेब माझ्या हातून फाइल घेईनासा झाला. शिपायाकरवी टेबलावर ठेवायला सांगायचा. मुंबईहून काठी आणि रीळ मागवलं. खाऱ्या पाण्याने रीळ गंजायला लागलं म्हणून त्याला खोबरेल चोपडलं, तर दुसऱ्या दिवशी रिळात मुंग्यांची वसाहत. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, सोडवता सोडवता अशी गुंतली, की नलूने शेवटी कात्री आणून दिली.

दिवाळीनंतर आमचे रविवार सुरू झाले.

मी वल्हं मारायचो. बाबा मधल्या फळीवर बसायचे, दोन्ही हातांनी होडीच्या कडा घट्ट धरून. मला वाटायचं, काय जीव आहे बघा होडीवर! ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, मन शांत होतंय. ओठ सारखे हलायचे. मला वाटायचं, चला, मनातल्या मनात का होईना, बोलायला लागले! होडीत थेंबभर पाणी दिसलं की ते डबा घेऊन उपसत सुटायचे. मी घरी येऊन नलूला सांगायचो, “बाबांना केवढा उत्साह आहे म्हणून सांगू!”

आणि माझं काय? होडी हलली की मी आवळासुपारी तोंडात टाकायचो. कोळंबी गरीला, म्हणजे त्या गळाला, लावताना मी श्वास रोखून धरायचो. पोहण्याचा तर प्रश्नच नव्हता. जतला पोहणार कशात, टँकरमध्ये? पण बाबांसाठी म्हणून जायचो. मासा म्हणाल तर आयुष्यात एकदा लागला. केंड. हा मासा बाहेर काढला की फुग्यासारखा फुगतो आणि खाता येत नाही. तो फुगून बाबांकडे बघत होता, बाबा त्याच्याकडे बघत होते. दोघांच्याही तोंडावर एकच भाव होता, की मला इथून सोडवा.

माघातल्या एका रविवारची गोष्ट. आठवडाभर होडी काठावर उपडी होती, तेल-पाणी चाललं होतं. बूच मी काढून, घासून, तेल लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवलं होतं. आता पुढचं सांगायला हवं का?

ओहोटी लागली होती. खाडीच्या मध्यावर गेलो आणि बाबा डबा घेऊन उपसायला लागले. नेहमीचंच म्हणून मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने माझे पाय भिजले. मग कोळंबीची करवंटी माझ्यासमोरून तरंगत गेली.

“बाबा, पाणी कुठून येतंय?”

“खालसून!” बाबा म्हणाले. एवढ्या महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“घाबरू नका. तुम्हाला पोहता येतं ना?”

“माका खंय येता? आमच्या गावात व्हाळ, तो गुडघ्याइतको! तुमका येता मा?”

“मला? मी जतचा आहे हो!”

“मगे कित्याक येतास पाण्यात?”

“तुमच्यासाठी!”

“माज्यासाठी?” बाबांचा डबा हवेतच राहिला. “अवो, माका पाण्याचा भ्या! तुमका हौस, परक्या मुलखात सोबत नाय, म्हणान मी येय होतंय! दर आयतवारी रवळनाथाचा नाव घेय होतंय!”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि आमच्याखालून होडी बुडाली.

मी डोळे मिटले, आईला हाक मारली आणि पाय झाडले. पाय वाळूला लागले. उभा राहिलो तर पाणी कमरेपर्यंत! ओहोटीमुळे आम्ही वाळूच्या पट्ट्यावर बुडालो होतो. शेजारी बाबा. त्यांच्याही कमरेपर्यंत पाणी. हातात अजून डबा.

मला तर हसूच आलं. पण बाबांकडे बघितलं आणि हसू गेलं. ते होडी बुडाली तिथे बघत होते, आणि त्यांचे खांदे गदगदत होते. सासूबाई गेल्या तेव्हाही न रडलेला माणूस लहान मुलासारखा रडत होता.

“गेली...” ते म्हणाले. “माका सोडून गेली...”

माझं काळीज गलबललं. एवढा जीव लावला होता होडीवर! भ्या वाटतं असं नुसतं म्हणत होते तर! मी पुढे झालो आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“जाऊ द्या हो बाबा. गेली तर गेली. जुनीच झाली होती.”

बाबांचं रडणं थांबलं.

“आतून पोखरलेली होती, मला माहीत होतं. नुसती वरून रंगवून किती दिवस टिकणार? रोज सेवा, रोज तेल. सुटलो एकदाचे! आपण दुसरी आणू. चांगली मजबूत. दिगूच्या ओळखीत एक आहे, मी उद्याच बघून येतो.”

बाबा माझ्याकडे वळले. चेहरा कोरा.

“जावयबापू,” ते हळूच म्हणाले, “मी नलूचे आवशीबद्दल सांगतंय.”

आवस म्हणजे आई. कमरेएवढं पाणी कमी पडलं हो मला त्या क्षणी! बुडायचं म्हटलं तरी बसावं लागलं असतं.

आणि हे एवढ्यावर थांबेल तर ते माझं नशीब कसलं? काठावरच्या लोकांनी होडी बुडताना बघितली होती आणि आमचं बोलणं अर्धवट ऐकलं होतं, त्यातही बाबांचा ‘गेली’ हा शब्द पहिला. झालं! होडीत एक बाई होती आणि ती बुडाली, असा पुकारा झाला. दिगूने कपड्यांसकट उडी टाकली. मागोमाग आणखी माणसं.

“खंय गेली? खयल्या बाजूक?” दिगू ओरडत आला.

“कोणी नाही रे! कोणी बाई नव्हती!” मी ओरडलो.

“ह्येंका धक्को बसलो,” दिगूने बाकीच्यांना सांगितलं. “सोदा तुमी.”

माणसं बुडी मारून वर येत होती, परत बुडी मारत होती. काठावर एक मासेवाली छाती पिटून घेत होती, “टीचर बुडली गो, आमची टीचर!” एक जण ही बातमी घेऊन आमच्या घरी धावला, आणि दार उघडायला नलूच आली हे बघून तिथेच उंबऱ्यावर मट्कन बसला.

नलू धावत काठावर आली तेव्हा आम्ही चिंब होऊन वाळूत उभे होतो. भोवती हे एवढं गाव जमलेलं. तिने आधी बाबांना चाचपून बघितलं, मग मला. मग विचारलं, “काय झालं?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिगू अगदी भाबडेपणाने म्हणाला, “काय कळणा नाय टीचर. म्हाताऱ्यान ‘गेली गेली’ केल्यान, आणि तुमचे घोव म्हणत होते, जुनीच झालेली, दुसरी आणूया.”

नलूला काय ते सगळं एका क्षणात कळलं. शिक्षिकाच ती. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन नको.

आणि बाबा हसले! आधी नुसतं नाकातून, मग पोट धरून, मग खाली वाळूत बसून. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, पण हसत होते. “तुज्या आवशीन ह्या आयकल्यान आसता तर ह्येंका वल्ह्यान बदडल्यान आसता गो!” म्हणाले, आणि नलूचा हात धरून परत रडायला लागले. मग नलूही रडली, काठावरच, लोकांसमोर, फोडणीच्या धुराशिवाय. मासेवाली पुढे होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी बाजूला उभा होतो. मला कोणी हात फिरवला नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेजारपाजार चौकशीला येत होता आणि बाबा प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगत होते. सासूबाईंचं नाव घेऊन सांगत होते. कशा बोलायच्या, कशा रागवायच्या, सगळं. माणूस गेल्यापासून तुंबलेलं होतं ते वाहत होतं. मध्येच म्हणाले, “नलू, माका आता घराक न्हेवन सोड. एकटो ऱ्हवान मी. थंय ती आसा.” नलूने मान हलवली. मी काही बोललो नाही. न बोलणं हे मला जमण्यासारखं आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

पण पूर्ण शिकलो नाही.

दिवेलागणीला नलू ताटं घेत होती. मी मदतीला म्हणून जवळ जाऊन उभा राहिलो. ती वर न बघता म्हणाली, “एक विचारू? मी गेले, तर तुम्ही आणाल का हो दुसरी?”

आवाज मऊ होता. मला वाटलं, राग गेला. आता मनापासून काहीतरी बोलावं, तिला धीर वाटेल असं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “छे गं नलू! काहीतरीच काय? एकीतच हौस फिटली माझी.”

मला जेवायला बाबांनी वाढलं.