पाय काढून या

कृत्रिम पायांच्या वाटपाची बातमी लिहायचं काम क्लबने माझ्याकडे दिलं होतं. वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन नारायणगावच्या या सेवा क्लबाचा सभासद झालो, तेव्हापासून प्रसिद्धीचं खातं माझ्याकडेच आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञाने एकेकाला पाय बसवून दिला, पट्टे आवळले आणि हॉलमध्ये चालायला लावलं. आधी खुंटावर सुती मोजा, मग पाय, हे त्याने प्रत्येकाकडून वदवून घेतलं. मोजा नसेल तर पाय आत फिरतो.

भिंतीचा आधार सर्वांत आधी सोडला तो अवसरी बुद्रुकच्या एका बाईने. महामार्गावरच्या अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्याआधी ती इथल्या टोमॅटो बाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर माल निवडायची. ते काम दिवसभर उभ्याने चालतं. ‘उभं राहता आलं की ये,’ असं व्यापारी तिला म्हणाला होता. तो आमच्या क्लबाचा सभासद आणि या कार्यक्रमाचा देणगीदार. पहिल्या रांगेत बसणार होता.

“उद्या शेटच्या म्होरं चालून दावते,” ती सोबतच्या नणंदेला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी जीपने आल्या. बाई काठीशिवाय, स्वतःच्या चालीने हॉलच्या दारात पोचली. तिथे क्लबाच्या अध्यक्षांनी अडवलं.

“मावशी, पाय काढा आणि तिकडं टेबलावर ठेवा.”

“का वो? चांगला बसलाय की.”

“पाहुण्यांच्या हस्ते घालायचाय. कार्यकर्ते उचलून नेतील तुम्हाला स्टेजवर.”

“उचलून कशापायी? मी चालत जाते की, भाऊ.”

“चालत आल्यावर पाहुण्यांनी काय करायचं? पायाला हार घालायचा?”

आजूबाजूचे हसले. नणंद दबक्या आवाजात म्हणाली, “काढ बाई. न्हाईतर देतील दुसऱ्याला.”

तिने पाय काढला. मोजा गुंडाळून नणंदेच्या पिशवीत टाकला.

आमच्याकडे मदत अशीच होते. शाळेतल्या मुलींसाठी आलेल्या सायकली फीत कापेपर्यंत साखळीने बांधून ठेवल्या जातात. थंडीतली ब्लँकेटं पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत गोदामात पडून राहतात. देणारा दिसला पाहिजे, त्यासाठी घेणारा अडलेला दिसला पाहिजे. जो आदल्या दिवशीच चालायला लागला, तो कार्यक्रमाच्या कामाचा नाही.

पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलन, सत्कार, शाली, भाषणं झाली. पाय फुलांनी सजवलेल्या टेबलावर ओळीने मांडलेले होते. ज्यांचे ते होते, ती माणसं पायाविना खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होती.

बाईला दोघांनी उचलून स्टेजवर नेलं. तिने पदर घट्ट धरून मान खाली घातली होती. पाहुण्यांनी तिचा पाय घेतला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तो चढवला.

“सायेब, मोजा ऱ्हायला,” ती म्हणाली. निवेदकाचा आवाज माइकवर होता. तिचा कोणी ऐकला नाही.

“उठा मावशी, चाला आता.”

ती उठली. पाय आत फिरला आणि ती अध्यक्षांच्या खांद्यावर कोसळली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, ती पहिल्यांदाच उभी राहते आहे.

व्यापाऱ्याचे डोळे पाणावले होते. ते खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त चीड आली. त्याने माइक मागून घेतला. “या माउलीला आता कामाची गरज नाही,” तो म्हणाला. “दर महिन्याचा शिधा माझ्याकडून घरपोच.” पुन्हा टाळ्या झाल्या.

नंतर जेवणाच्या पंगतीत ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. मोजा घातलेला होता. भिंतीपासून तिथपर्यंत ती कोणाला न धरता आली होती, पण व्यापारी पानावर वाकलेला असल्याने त्याने ते पाहिलं नाही.

“शेट, सोमवारपासून येऊ का?”

“अहो, उभ्या कशाला? बसा, जेवा.”

“बघा की, उभी हाय ना?”

“मघाशी बघितलं ना मी. गाळ्यावर पडलात-बिडलात तर मलाच बोल लागायचा. शिधा येईल घरी, काळजी करू नका.”

“शिधा नको. काम द्या.”

व्यापाऱ्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष वाढप्याला म्हणाले, “मावशींना जिलेबी वाढ रे.”

ती न जेवता गेली. स्टँडपर्यंतचा रस्ता चढाचा आहे. नणंद मागून पिशवी घेऊन घाईने चालली होती.

महिन्याच्या बैठकीत मी सूचना मांडली, की पुढच्या वेळी माणसांनी पाय घालूनच, चालत स्टेजवर यावं. “मग फोटोत दाखवायचं काय?” असा प्रश्न आला, आणि विषय चहावर संपला. स्टेजवरच्या फोटोखालची ओळ मी लिहिली नाही. ती दुसऱ्या कोणी लिहिली. फोटो छापून आला.

शिधा तिने दोनदा परत पाठवला. सध्या ती त्याच बाजारात, फाटकाजवळच्या गाळ्यावर माल निवडते. तिने काम मागितलं तेव्हा त्या गाळेवाल्याने एवढंच विचारलं, की हात चालतो का. तिचा पाय कोणता खरा आणि कोणता खोटा, हे त्याला बरेच दिवस माहीत नव्हतं. तो आमच्या क्लबाचा सभासद नाही.