गावाकडचे, ओळखीचे

ही गोष्ट मी तीस वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही.

नव्वदच्या दशकात मी नगरला सरकारी कचेरीत कारकून होतो. शहरातल्या एका संगीत मंडळाचा सभासद. आडनावावरून माझी जात कळत नव्हती, मीही सांगितली नव्हती. गाणं संपलं की चहा यायचा आणि प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे, अशी तिथली रीत. मी वर्तमानपत्रांतली परीक्षणं वाचून शब्द पाठ करायचो. 'भावगर्भ आलापी.' 'स्वरांचं लावण्य.' लोक माना डोलवायचे.

एका रविवारी सकाळी कोल्हारहून माझा थोरला भाऊ आला. त्याला बैठकीला नेलं. गाणं चालू असताना दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो पुसतही नव्हता.

चहाच्या वेळी अध्यक्षांनी त्यालाच आधी विचारलं, "बोला पाहुणे, कसं वाटलं?"

"आई गेली तवा चूल पेटली नव्हती. सकाळी ऊन मात्र आत आलं. तसं वाटलं."

एक सभासद फिसकन हसले आणि म्हणाले,

"अहो, हा देशकार! प्रसन्न राग. रडायचं काय त्यात? तुम्ही काही वाजवता का?"

"ढोलकी. इहारात."

 विहार म्हटल्यावर सगळ्यांना जात कळली.

"कान तयार व्हायला पिढ्या जातात," अध्यक्ष म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे तुमचे कोण?"

"गावाकडचे. ओळखीचे."

मीच बोललो हे.

दादाने कप खाली ठेवला. "बसा साहेब तुमी. ओळखीच्या मानसाला यष्टी गाठायचीय."

जन्मभर मला 'बाळ्या' म्हणणारा माणूस.

महिनाभर झोप नीट लागली नाही. पुढच्या बैठकीत माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो. म्हणालो, "त्या दिवशी रडला तो माझा सख्खा भाऊ. आम्ही बौद्ध. तुम्ही हसलात त्याच्यावर, आणि मी त्याला नाकारलं. ऐकत एकटा तोच होता. मी शब्द जुळवत बसलो होतो."

 मी चपला घातल्या. थांबा, असंही कुणी म्हणालं नाही. त्यानंतर कुणी घरी आलं नाही, रस्त्यात भेटले तर घड्याळ बघायचे.

चारचौघांत बोललो, पण ज्याला सांगायचं त्याला नाही. कोल्हारला जात राहिलो. दादा एकदा म्हणाला, "गानं सोडलंस व्हय रं?" मी म्हणालो, "वेळ नाही."

हे माझ्या नावानिशी छापायचं, जातीसकट. नातवंडांना लाज वाटली तर वाटू दे. कुणी माफ करावं म्हणून लिहिलेलं नाही.

दादा शेवटचा आजारी होता तेव्हा खाटेजवळ बसलो. खोलीत आम्ही दोघंच. 'दादा, माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं.

"गोळी घेतली का?"

"घेतली," तो म्हणाला.